आत्याची पुडी

बुऱ्हाणपूरला आमचं घर राजघाटापासून चालत पाच मिनिटांवर. यजमान गेल्यावर माझी आत्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी परत आली आणि तेव्हापासून रोज पहाटे तापीवर आंघोळीला जाऊ लागली. थंडी असो, पाऊस असो, तिचा नेम चुकायचा नाही. पुराच्या दिवसांत घाटावर उभी राहून पात्रातला दगडी हत्ती किती बुडाला ते बघायची आणि घरी येऊन बातमी द्यायची. लहानपणी मला वाटायचं, नदीचा हिशेब ठेवणं हे आत्याचं सरकारी कामच आहे.

एक दिवस ती लवकर परत आली आणि हातात लोटा नव्हता. पायरीवरचा लोटा उचलायला गेली तर मूठच वळेना. लोटा घरंगळत पाण्यात गेला. तेव्हा ती ४१ वर्षांची होती आणि मी आठवीत. घरातले सगळे म्हणाले, "थंडीमुळे झालंय, होईल बरं." झालं नाही. वर्षभरात तिची दोन्ही मनगटं, बोटांचे सांधे, पायांचे चवडे सुजले. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास तिला वेणी घालता येत नसे, ब्लाउजचे हुक लावता येत नसत. दुपारपर्यंत गाडी रुळावर यायची. त्यामुळे दुपारी येणाऱ्या पाहुण्यांना ती ठणठणीतच वाटे. "कामाच्या वेळीच बरं दुखतं हिचं!" ही कुजबूज मी आमच्याच स्वयंपाकघरात ऐकली आहे.

या आजाराचं नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण सरसकट संधिवात म्हणतो, वैद्य आमवात म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात तो हा नव्हे. इथे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते आणि वेळेत आवरलं नाही तर हाड कुरतडलं जातं, बोटं वाकडी होतात. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीन पटींनी जास्त, आणि बऱ्याचदा ऐन उमेदीत येतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली, तेव्हा दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार आढळला. म्हणजे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात चारशे पानं उठली तर त्यांतल्या दोन माणसांना पुरीचा तुकडा मोडताना त्रास होत असणार. आपल्याला ती दिसली आहेत का, हा वेगळा प्रश्न.

पण मला सांगायचंय ते आजाराबद्दल नाही. त्या आजारावर माणसं काय काय घेतात, आणि ते त्यांना कोण आणून देतं, त्याबद्दल सांगायचंय.

आत्याला पहिल्यांदा आराम पडला तो एका पुडीने. बाजारात बसणाऱ्या एका गृहस्थांची ती ख्याती होती. जडीबुटीचं चूर्ण, वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात बांधलेलं, दिवसाला एक, कोमट पाण्याबरोबर. तिसऱ्या दिवशी आत्या घाटाच्या पायऱ्या उतरली. घरात सणच झाला. आजीने त्या गृहस्थांना शिधा पाठवला. पुढे दर पंधरवड्याला सायकलवरून जाऊन पंधरा पुड्या आणणं हे माझं काम झालं. बदल्यात येताना मावा जिलेबी खायची मुभा होती. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी ज्यांनी खाल्लीय, त्यांना माझी ती नोकरी किती सुखाची होती हे सांगायला नको.

हळूहळू आत्याचा चेहरा गोल झाला. "माहेरचं अन्न मानवलं!" असं नातेवाईक म्हणायचे. हातपाय मात्र बारीकच. जरा कुठे आपटलं की कातडीवर जांभळे डाग. मग साखर निघाली. लग्नकार्य असलं की ती त्या दिवशी दोन पुड्या घ्यायची, कारण लग्नात कोण बसून राहणार? डाळीच्या डब्याच्या तळाशी दहा-बारा पुड्यांचा साठा असे. तो संपत आला की तिची चिडचिड सुरू व्हायची, आणि मी सायकल काढायचो.

हे सगळं अठरा वर्षं चाललं.

त्या पुडीत काय असावं हे समजायला १९४८ सालच्या अमेरिकेत जावं लागतं. मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी त्या सप्टेंबरात २९ वर्षांच्या एका बाईला, जी या आजाराने जवळजवळ खिळून होती, एका नव्या द्रव्याची इंजेक्शनं दिली. काही दिवसांतच ती उठून चालू लागली आणि आठवड्याभरात दवाखान्याबाहेर खरेदीला गेली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन, एक स्टेरॉइड औषध. १९५० साली हेंच आणि त्यांच्या दोघा साथीदारांना नोबेल मिळालं. पण या जादूची किंमत लवकरच कळली: गोल चेहरा, पातळ कातडी, ठिसूळ हाडं, साखर, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. काहींना सुरुवातीला मन विलक्षण उल्हसित झाल्यासारखं वाटे, तेही तेव्हाच नोंदलं गेलं. डॉक्टर आजही स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोड्या दिवसांसाठी, दुसरी औषधं लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून. बाजारातल्या बऱ्याच 'अक्सीर' चूर्णांत मात्र तीच गोळी कुटून घातलेली असते, आणि किती घातलीय ते घेणाऱ्याला कधीच कळत नाही. जडीबुटीने तीन दिवसांत सूज उतरली असं कोणी सांगितलं की माझ्या पोटात आता गोळा येतो.

पुडीपुरतं मी लहान होतो असं म्हणता येईल. गोळीच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही.

नोकरीसाठी पुण्याला आल्यावर फोनवर विचारायचो, "आत्या, येताना काय आणू?" ती म्हणायची, "ती दवाई आण रे बाबू, मागच्या खेपेची." मागच्या खेपेला मी माझ्या पाठदुखीसाठी मिळालेली ट्रॅमाडॉलची अर्धी पट्टी तिला दिली होती. ट्रॅमाडॉल हे अफूच्या गोतावळ्यातलं वेदनाशामक. सांध्यातला दाह त्याने कमी होत नाही, मेंदूपर्यंत पोचणारी कळ तेवढी बोथट होते. सुरुवातीला रात्री एक, मग सकाळी एक, मग चार. एकदा ती मला म्हणाली होती, "दुखणं जात नाही रे त्याने. दुखण्याची काळजी जाते." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. आत्या किती छान बोलते, असं वाटलं होतं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने चिठ्ठी मागितली. मी वैतागलो, आणि चिठ्ठी न मागणारा दुसरा शोधला. सुशिक्षित, चांगल्या नोकरीतला, घरात ज्ञानेश्वरी असलेला मी.

आमच्या गावाला या गोष्टीचा एक जुना दाखला आहे. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल बुऱ्हाणपुरातच १६०५ साली दारूने गेला. बापाच्या हुकमावरून त्याच्यावर पहारा बसवला होता, दारूचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही म्हणून. त्याने रडून-भेकून एका बंदूकधारी सेवकाला गळ घातली, आणि त्याने बंदुकीच्या नळीत दारू भरून आत नेली. नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूची राख त्यात मिसळली. जहांगीरने आपल्या आठवणींत भावाच्या मरणाची ही हकिगत लिहून ठेवली आहे. पुढे १६२६ मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझही याच गावात, याच कारणाने गेला. शाळेत असताना ही गोष्ट आम्ही चवीने सांगायचो. त्या बंदूकवाल्याला धनी मरावा असं थोडंच वाटत होतं? त्याला रडणं बघवत नव्हतं. पुण्याहून येणाऱ्या माझ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत पट्ट्या असायच्या, तेव्हा मला तो आठवायला हवा होता.

२०१९ मध्ये आत्याला पुण्याला आणून संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "काय काय घेता?" आत्या म्हणाली, "कॅल्शियम." डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, दंडावरचे डाग पाहिले, चेहरा पाहिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आणि पुडी कुठली?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुडी आणि गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. पुडीत किती स्टेरॉइड आहे ते माहीत नाही, म्हणून तिच्या जागी मोजलेली गोळी द्यायची आणि महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरवत न्यायची. ट्रॅमाडॉलचंही तसंच. दरम्यान मूळ आजारावर मेथोट्रेक्सेट सुरू करायचं. सगळं एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी माझ्या बॅगेत ठेवला.

परतीच्या गाडीत भुसावळ सुटल्यावर मला राहवलं नाही. मी तिला म्हणालो, "आत्या, अठरा वर्षं तू नशा करत होतीस. आम्हाला सगळ्यांना फसवलंस." तिने काही उत्तर दिलं नाही. खिडकीबाहेर केळीच्या बागा पळत होत्या, त्या बघत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे डाळीच्या डब्यातल्या सगळ्या पुड्या, उशीखालच्या पट्ट्या, सगळं पदरात बांधून ती राजघाटावर गेली आणि तापीत सोडून आली. घरी येऊन म्हणाली, "सोडलं बाबा. आता बोलू नको." मला भरून आलं. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणून मी खूश होतो. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघालो. कागद बॅगेतच.

चौथ्या दिवशी आतेभावाचा फोन आला. पहिल्या रात्रीपासून तिला झोप नव्हती. नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया, पाय एका जागी ठरत नव्हते. घरच्यांना वाटलं, सर्दीताप आहे. मग उलट्या. मग उठून उभी राहायला गेली ती कोसळलीच. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब जवळजवळ लागत नव्हता. तिथे वहिनीने, म्हणजे आतेभावाच्या बायकोने, कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं: अठरा वर्षं पुडी, रोज चार गोळ्या, चार दिवसांपूर्वी सगळं बंद. सासूची लाज झाकायची म्हणून ती गप्प बसली असती तर डॉक्टरांचा तासभर तरी शोधण्यात गेला असता. त्यांनी लगेच शिरेतून सलाइन आणि स्टेरॉइडच दिलं. जे विष म्हणून आम्ही नदीत सोडलं होतं तेच.

कारण असं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला लागणारं स्टेरॉइड त्या रोज बनवतात, आणि आजारपणात, ताणात जास्त बनवतात. बाहेरून वर्षानुवर्षं आयतं मिळत राहिलं की त्या काम थांबवतात. घरात नळ आला की अंगणातली विहीर कोणी उपसत नाही. मग एक दिवस नळ बंद पडतो आणि पोहरा टाकल्यावर कळतं की विहीर गाळाने भरली आहे. ती पुन्हा वाहती व्हायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर नळ एकदम तोडला तर माणूस जाऊ शकतो. रात्री न लागलेली झोप, जांभया, वाहतं नाक हे मात्र दुसऱ्या खात्यातलं: अफूवर्गातलं औषध अचानक तुटल्याचं. आत्या एकाच वेळी दोन्ही भोगत होती, आणि आम्ही तिच्या मनोधैर्याचं कौतुक करत होतो.

ती वाचली. पण "नशा करत होतीस" हे माझं वाक्य मला पुष्कळ दिवस छळत राहिलं, आणि म्हणून मी थोडं वाचलं, जाणत्यांशी बोललो. शरीराला एखाद्या द्रव्याची सवय होणं आणि व्यसन असणं, या दोन गोष्टी शेजारच्या असल्या तरी एक नाहीत. स्टेरॉइडवर अवलंबून झालेलं शरीर म्हणजे व्यसनी माणूस नव्हे. दुसऱ्या बाजूला, दुखणं खरं आहे म्हणून व्यसन लागत नाही असंही नाही. लपवून साठा करणं, मात्रा आपोआप वाढवणं, गोळी संपण्याच्या कल्पनेनेच घाबरं होणं हे आत्याच्या बाबतीत घडत होतंच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना अनिल अवचटांच्या लिखाणामुळे माहीत असेल. त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली ते सुरू केलं, आणि व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही, ही गोष्ट मराठी घरांत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज तिथे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही आहे. मी हे सगळं आत्याच्या आधी वाचलं असतं तर भुसावळच्या पुढे गाडीत गप्प बसलो असतो.

डॉक्टरांपासून लपवण्याचा मक्ता बायकांकडेच आहे असं नाही. आमच्या गल्लीतले एक काका पॉवरलूम चालवायचे. त्यांनाही हाच आजार. लूमवर तुटलेला धागा जोडायला बोटं लागतात, ती रात्री ठणकायची, म्हणून रोज एक क्वार्टर. डॉक्टरांना सांगायचे, "कधीतरी, लग्नाबिग्नात." त्यांना मेथोट्रेक्सेट चालू होतं. या आजारावरचं हे मुख्य औषध, स्वस्त आणि गुणकारी, पण यकृतावर त्याची नजर ठेवावी लागते आणि दारूही तिथेच घाव घालते. ब्रिटनमध्ये मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सुमारे बारा हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला १४ युनिटपर्यंत पिणाऱ्यांत यकृताचा धोका न पिणाऱ्यांहून फारसा वाढलेला दिसला नाही, त्यापुढे वाढत गेला. हे वाचून कोणी खूश होण्याआधी हिशेब करून बघा: आपल्याकडच्या व्हिस्कीची १८० मिलिलिटरची एक क्वार्टर म्हणजे साधारण पावणेआठ युनिट. आठवड्याची मर्यादा दोन क्वार्टरच्याही आत संपते, आणि काका आठवड्याला सात रिचवत होते. पुष्कळ डॉक्टर तर अजिबात नको असंच सांगतात. काकांचे रक्ताचे अहवाल बिघडले, औषध बंद करावं लागलं, आणि बोटं वाकडी झाली ती झालीच.

त्याच मेथोट्रेक्सेटची आणखी एक गोष्ट घरातल्या तरुण मंडळींनी तरी लक्षात ठेवावी, कारण चिठ्ठी बहुधा तुम्हीच वाचता. या आजारात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. इतर गोळ्यांच्या ओघात रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. वेदनेने कंटाळलेला माणूस 'एकाने बरं वाटलं, तर सातांनी आणखी बरं वाटेल' असं सहज म्हणू शकतो. आत्याने मला तसं विचारलंच होतं.

राहिली मशेरी. आत्याची डबी माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूररहित तंबाखू वापरणाऱ्या बायका १२.८ टक्के निघाल्या. त्यात तंबाखू, गुल, मशेरी सगळं आलं. सिगारेट-बिडीचा या आजाराशी असलेला संबंध पक्का आहे: ओढणाऱ्यांना तो होण्याची शक्यता वाढते आणि झाल्यावर औषधांचा गुणही कमी येतो. तोंडात धरायच्या तंबाखूबाबत मात्र स्वीडनमध्ये तिथल्या तपकिरीवर झालेल्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही, आणि हे मी आत्याला सांगायची चूक केली. "बघ, म्हणजे मशेरीने काही होत नाही!" हिरड्या, दात, तोंडाचा कॅन्सर हे पुढचं वाक्य तिने ऐकलंच नाही.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष स्टेरॉइड अगदी मुंगीच्या पावलांनी उतरलं. मधे दोनदा परत वर चढवावं लागलं. ट्रॅमाडॉल तीन महिन्यांत सुटलं, तेव्हा वहिनीने पट्ट्या स्वतःच्या कपाटात ठेवल्या आणि रोज मोजून दिल्या. त्यावरून सासू-सुनेत जे रामायण झालं ते मी इथे लिहीत नाही. मी आता सुट्टीला गेलो की काय आणू विचारत नाही. विचारतो, "सकाळी किती वाजता मूठ वळते?" पूर्वी उत्तर असायचं दहा. गेल्या आषाढात, तापी जन्मोत्सवाच्या दिवशी, ती म्हणाली, "साडेसात." मग काठी घेऊन घाटावर उतरली, पण शेवटच्या तीन पायऱ्या सोडून. तिथे ती आता जात नाही. पाठीचे दोन मणके बसलेत, ते काही परत येणार नाहीत.

तिच्या खोलीतल्या कालनिर्णयवर दर रविवारी लाल पेनाने गोल केलेला असतो, मेथोट्रेक्सेटचा. त्याच भिंतीवर वहिनीने तंबाखू सोडण्याच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर चिकटवलाय, १८००-११-२३५६. मागच्या खेपेला मी बघितलं तर त्या कागदावर मशेरीचं बोट उमटलेलं होतं. म्हटलं, "फोन केलास का?" म्हणाली, "नंबर वाचला की रोज."